जोडीची हाक

९ जानेवारी

प्रिय वन्सं,

नमस्कार आधीच घेऊन ठेवा, कारण पुढे तक्रारीच आहेत. तुमच्या शिबिरात तुम्ही आम्हा नवशिक्यांना बजावलं होतंत, की पहिलं वर्षभर प्रत्येक नव्या पथकप्रमुखाने आपल्या प्रशिक्षकाला पत्र लिहायचं. मला वाटलं, माझी प्रशिक्षक म्हणजे माझी नणंद, मला सूट मिळेल. म्हणून परवा फोन केला, तर तुम्ही म्हणालात, फोनवर सगळेच मस्त चाललंय म्हणतात, तू लिही. आणि ठेवून दिलात. आपलेच दात आपलेच ओठ, सांगणार कोणाला?

तर, मस्त चाललेलं नाही. मी आयुष्यभर मोठ्या माणसांना गाडी चालवायला शिकवलं. ती ऐकतात, कारण ती घाबरलेली असतात. ही स्काउटची पोरं कोणाला घाबरत नाहीत. दोरीच्या गाठी शिकवायला घेतल्या आणि शेवटी प्रत्येकाची गाठ मीच बांधून दिली. तंबू उभारायला सांगितला, तो वाकडा व्हायला लागला, मला बघवेना, मीच सरळ केला. घरी येऊन पाठ शेकत बसले. तुमचे बंधुराज पेपर खाली न करता म्हणाले, पथक मुलांचं आहे की तुझं?

तुम्हाला माहीत आहे, मी हौसेने यात पडले नाही. आधीचे मास्तर मुलीकडे राहायला गेले आणि पथकाच्या हॉलला कुलूप लागलं. मी शेजारच्या मैदानात शिकाऊ लोकांकडून गाडी मागे घेण्याचा सराव करून घेत होते. शनिवारी बघावं तर ही पोरं गळ्यात स्काउटचे स्कार्फ बांधून बंद हॉलच्या पायरीवर ओळीने बसलेली. पुढच्या शनिवारीही तेच. शेवटी मीच जाऊन किल्ली मागून आणली. दुसरं कोणी आलं नाही आणि येणारही नाही. मी सोडलं की पुन्हा कुलूप. एवढ्या एका गोष्टीसाठी मी टिकून आहे.

तुमची,
वहिनी


१६ जानेवारी

प्रिय वहिनी,

कागदावरचे पांढरे डाग प्लास्टरचे आहेत. कवळ्यांचे साचे वाळत ठेवून त्यांच्या मधोमध लिहिते आहे. समोर निरनिराळ्या लोकांच्या दातांची रांग आहे आणि सगळे तुझ्या पत्रावर हसताहेत असं वाटतं.

मला एक सांग. तुझ्या शिकवणीच्या गाडीत तुझ्या पायाशी जास्तीचा ब्रेक असतो ना? शिकणाऱ्याला गाडी यायला लागते कधी? तूच मागे एकदा सांगितलं होतंस, की मी पाय उचलून घेते आणि हात मांडीवर ठेवून गप्प बसते तेव्हा. पथकात मात्र तू तो ब्रेक दाबून धरला आहेस आणि गाडी का चालत नाही म्हणून मला विचारते आहेस.

मुलांच्या टोळ्या कर. प्रत्येक टोळीला आपला नायक निवडू दे. तू शिकवायचं त्या नायकांना, त्यांनी शिकवायचं बाकीच्यांना. वाकडा तंबू वाकडा राहू दे, वाऱ्याने पडला की त्यांचं तेच बघतील. आणि शिट्टी त्यांच्यातल्या एकाच्या हातात दे. हो, शिट्टीच. तुझं तोंड आत्ता कसं झालं असेल ते मला इथून दिसतं आहे.

शिबिरात घोकून घेतलेल्या दोन गोष्टी तेवढ्या विसरू नकोस. पहिली, जोडीची हाक. प्रत्येक मुलाला एक जोडीदार. लांब शिट्टी वाजली की जोडीदाराचा हात धरायचा आणि तो "आहे" असं त्याच्या वतीने आपण ओरडायचं. स्वतःसाठी नाही, दुसऱ्यासाठी. दुसरी, वाट चुकली तर शोधत फिरायचं नाही, जागेवर बसून राहायचं आणि आवाज करायचा. या दोन गोष्टी त्यांच्या हाडात मुरल्या, की गाठी सुटल्या तरी चालतील.

दादाला म्हणावं, पेपर खाली करून बोलत जा.

तुझी,
कवळीवाली


२० फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

दिली शिट्टी. सांगायला लाज वाटते, पण दोन दिवस गळ्याशी हात जायचा आणि काही सापडायचं नाही.

पोरांनी निवडलेल्या टोळीनायकांत ती गेली लवंगीकडे. हे नाव मी ठेवलेलं नाही, आधीपासूनच आहे. उंचीला माझ्या कोपराएवढी, पण आवाज असा की शेजारच्या बेकरीवाल्याच्या हातून ट्रे पडला होता एकदा. तिला मी वेगळं बसवून शिकवते आणि मग भिंतीला टेकून गप्प उभी राहते. जीभ चावून उभी राहते म्हणा ना. गाठी अजून सैल आहेत आणि तंबू सगळे एका बाजूला कललेले असतात, पण परवा एक पडला तर माझ्याकडे कोणी वळूनही पाहिलं नाही. त्यांनीच पुन्हा उभा केला. मला आनंद झाला आणि जरा वाईटही वाटलं.

पुढच्या महिन्यात पहिली सहल. तलावामागच्या रानात, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. खुणांचा खेळ ठेवला आहे. मी पुढे जाऊन वाटेवर दगडांचे बाण मांडणार, चुकीच्या वाटेवर फुली, आणि शेवटी गोल काढून मध्ये एक खडा. त्याचा अर्थ, खुणा संपल्या, परत फिरा. दुसरा मोठा माणूस म्हणून बेकरीवाला येतो आहे. त्याचा मुलगा पथकात आहे आणि पावाचे डबे तोच आणणार आहे, त्यामुळे मुलांनी त्याला एकमताने मान्यता दिली.

मला बरं वाटायला लागलं आहे, वन्सं. हे फोनवर म्हटलं असतं तर तुम्ही मानलं नसतंत, म्हणून मुद्दाम लिहून देते.

तुमची,
वहिनी


२८ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तुझं पत्र इथल्या दुसऱ्या प्रशिक्षकांना वाचून दाखवलं. रागावू नकोस, नाव सांगितलं नाही.

पालकांची संमती घे, प्रथमोपचाराची पेटी तपासून घे, आणि सगळ्यांचे मोबाइल एका पिशवीत घालून तळावर ठेव. तुझासुद्धा. स्वतःचा खिशात ठेवून मुलांचे काढून घेतलेस तर लवंगी तुला सोडणार नाही.

एप्रिलमध्ये स्काउटची समिती नव्या प्रमुखांना कायम करते, तेव्हा तुझा स्कार्फ मी माझ्या हाताने बांधेन. सहलीचं सविस्तर लिही. मी वाट बघते आहे.

तुझी,
कवळीवाली


१२ मार्च

प्रिय वन्सं,

पत्राला उशीर झाला. सहल झाली. खुणांच्या खेळात आमच्यातलं एक जण हरवलं होतं. तासाभरात सापडलं. खरचटलंसुद्धा नाही, तेव्हा काळजी करू नका.

मी हे काम सोडते आहे. हॉलची किल्ली बेकरीवाल्याकडे दिली आहे. तुम्ही कोणी दुसरं बघा. माझ्यावर मेहनत घेतलीत, ती वाया गेली याचं फार वाईट वाटतं. पण मी यासाठी योग्य नाही हे मला त्या रानात कळलं, आणि वेळेवर कळलं हे बरंच झालं.

तुमच्या भावाला यातलं काही विचारू नका. त्यांना मी काही सांगितलेलं नाही.

तुमची,
वहिनी


१५ मार्च

प्रिय वहिनी,

पत्र वाचलं. हातातलं काम तसंच टाकून लिहायला बसले.

आधी हे ऐक. मूल हरवणं ही पथकप्रमुखाच्या आयुष्यातली सगळ्यात वाईट गोष्ट आहे आणि ती तुझ्या वाट्याला पहिल्याच सहलीत आली. तुझी झोप उडाली असेल. शिट्टी दे, ब्रेकवरचा पाय काढ, असं मीच तुला सांगितलं होतं. तेव्हा जे झालं ते आपल्या दोघींचं आहे, तू एकटीने डोक्यावर घेऊ नकोस.

पण मला नीट सांग. कोणतं मूल? जोडीदार कुठे होता? आई-बापांना तू स्वतः सांगितलंस ना? घरी गेल्यावर मूल कसं आहे, घाबरलं आहे का, पुन्हा यायला तयार आहे का? काम सोडायचं की नाही ते नंतर बघू. आधी त्या लेकराचं लिही.

तुझी,
कवळीवाली


१८ मार्च

प्रिय वन्सं,

कोणाच्या आई-बापांना सांगण्यासारखं त्यात काही नाही. हरवलेलं माणूस ठीक आहे आणि पुन्हा येणार नाही. मुलांची चूक नव्हती. कृपा करून हा विषय इथेच संपवू या.

तुमची,
वहिनी


२१ मार्च

प्रिय वहिनी,

आज नणंद म्हणून लिहीत नाही.

एक मूल रानात तासभर एकटं होतं आणि ते त्याच्या आई-बापांना सांगण्यासारखं नाही, असं तू मला लिहिलं आहेस. हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. तू लिहिलं आहेस यावर माझा विश्वास बसत नाही. चूक कोणाच्याही हातून होते. ती झाकली तर मात्र मी तुझ्या बाजूने उभी राहू शकत नाही, मग तू माझ्या भावाची बायको अस की आणखी कोणी.

३० तारखेला रविवारी समितीची बैठक आहे. त्याआधी तू सगळं खरं कळवलं नाहीस तर मला हे समितीपुढे ठेवावं लागेल. चौकशी संपेपर्यंत पथक बंद राहील. म्हणजे तीच पोरं पुन्हा त्याच पायरीवर बसतील. हे मला करायला लावू नकोस.

तुझी प्रशिक्षक


२४ मार्च

प्रिय वन्सं,

मी हरवले होते.

आता हसा. मनसोक्त हसून घ्या आणि मग पुढचं वाचा.

त्या दिवशी मुलांना बेकरीवाल्याजवळ तळावर ठेवून मी खुणा मांडत पुढे गेले. बाण फार सुंदर जमत होते. एक वळण घेतलं, आणखी एक घेतलं, फुल्या टाकल्या, मला अगदी शाळकरी पोरीसारखं वाटत होतं. मग मनात आलं, की आल्या वाटेने परत गेले तर मुलं मला बघतील आणि खेळातली गंमत जाईल. आडवाटेने तळावर पोहोचू, शेवटचा गोल जाता जाता काढू. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. थोड्या वेळाने बघते तर समोर तलाव दिसायला हवा तिथे नुसती झाडं. मागे वळले तर तिथेही तीच झाडं. या शहरातली एकन् एक गल्ली मला डोळे मिटून येते, वन्सं. कुठे एकेरी वाहतूक आहे, कुठे झाकणं तुटली आहेत, सगळं. आणि त्या एवढ्याशा रानात मला डावं-उजवं कळेना. मोबाइल पिशवीत. शिट्टी लवंगीच्या गळ्यात.

मी थोडी धावले, हेही सांगून टाकते. मग तुमचं वाक्य आठवलं आणि एका झाडाखाली बसले. बसल्यावर खरी भीती वाटली. स्वतःची नाही. पोरांची. मी इथे आणि ती तिथे, त्यांना काही झालं तर? बेकरीवाला चांगला माणूस आहे, पण बसला की उठत नाही.

तिकडे काय झालं ते मला नंतर कळलं. ठरल्या वेळी मुलं खुणा बघत निघाली. शेवटच्या बाणापर्यंत आली आणि पुढे काहीच नाही. गोल नाही, खडा नाही. बेकरीवाल्याच्या मुलाचं म्हणणं, बाई विसरल्या, चला परत. लवंगी म्हणाली, बाई विसरत नाहीत. गोल नाही म्हणजे खुणा संपलेल्या नाहीत, म्हणजे बाई पुढेच कुठेतरी आहेत आणि त्यांना परत येता येत नाही. मग त्यांनी काय केलं माहीत आहे? एक जोडी शेवटच्या बाणाजवळ उभी केली. पुढची जोडी तिला दिसेल एवढ्या अंतरावर, त्याच्या पुढे आणखी एक. अशी साखळी करत, शिट्टी वाजवत, थांबून ऐकत ती पोरं पुढे सरकली. बेकरीवाला यायला निघाला होता, त्याला त्यांनी तळावर बसवून ठेवलं, की कोणीतरी मोठ्याने तिथे थांबायला हवं. यातलं काही मी त्या दिवशी सांगितलेलं नव्हतं. लवंगीला मी जानेवारीपासून जे शिकवत होते, ते तिने सगळ्यांना शिकवलं होतं.

मला शिट्टी ऐकू आली. उत्तर म्हणून गाडीची किल्ली पाण्याच्या स्टीलच्या बाटलीवर बडवत बसले.

लवंगी झुडपातून बाहेर आली. हसली नाही. माझ्यापुढे उभी राहून मी त्यांना सांगते तशाच सुरात म्हणाली, "जागेवर थांबलात, बरोबर केलंत." मग लांब शिट्टी वाजवली. सगळ्यांनी एकमेकांचे हात धरले आणि साखळीच्या टोकापासून हाका येत गेल्या, आहे, आहे, आहे. हाका संपल्या. मी आपली उभीच. माझ्यासाठी कोणी ओरडलं नाही, कारण ओरडणारं कोणी नव्हतंच. लवंगीने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "बाई, तुमची जोडी कोण?"

मला रडू आलं, वन्सं. त्या सगळ्या पोरांसमोर.

तुम्हाला खरं लिहिलं नाही, कारण आपल्या घरात हे मरेपर्यंत पुरलं असतं. गाडी शिकवणारी बाई रानात हरवली आणि पोरांनी शोधून आणली, हे तुमच्या भावाने प्रत्येक लग्नात सांगितलं असतं. पण काम सोडते आहे ते लाजेने नाही. मी स्वतःला सांभाळू शकले नाही तर दुसऱ्यांची लेकरं माझ्या हवाली कोणी का करावीत? मी जाते, पण पथक बंद करू नका. माझी लाज झाकायला मी अर्धवट लिहिलं, त्याची शिक्षा त्या पोरांना नको. त्यांनी सगळं बरोबर केलं.

तुमची,
वहिनी


३१ मार्च

प्रिय वहिनी,

जीव भांड्यात पडला.

तू सांगितलंस म्हणून हसले. इतकी हसले, की एका आजोबांच्या कवळीचा साचा टेबलावरून पडून फुटला. आता त्यांना आणखी चार दिवस लापशीवर राहावं लागणार आहे, त्यांचे शाप तुझ्या वाटणीचे. आणि हसून झाल्यावर जरा रडलेही. आठवडाभर मी डोळे मिटले की एक मूल झाडाखाली बसलेलं दिसायचं. त्याला तोंड नव्हतं, कारण तू नाव लिहिलं नव्हतंस. तिथे तू बसली होतीस हे कळल्यावर किती हलकं वाटलं, ते तुला सांगून कळणार नाही.

आधी रागवायचं ते रागावून घेते. शिट्टीशिवाय एकटी रानात गेलीस, ही चूक आहे आणि ती पुन्हा होता कामा नये. मला अर्धं लिहिलंस, ही त्याहून मोठी. झालं रागावून.

काल बैठकीत मी एवढंच सांगितलं, की एका सहलीत एक मोठं माणूस वाट चुकलं आणि मुलांनी त्याला शोधून काढलं. कसं शोधलं तेही सांगितलं. मला वाटलं, आता प्रश्न येतील. तेवढ्यात आमचे अध्यक्ष, निवृत्त स्टेशनमास्तर, घसा साफ करून म्हणाले की ते एकदा अख्खं पथक घेऊन चुकीच्या डोंगरावर चढले होते आणि वर पोहोचेपर्यंत त्यांनी ते कोणाला कळू दिलं नव्हतं. मग एकेकाची जीभ सुटली. वहिनी, त्या खोलीत न हरवलेलं एकही माणूस नव्हतं. आणि कोणीही आजवर बोललं नव्हतं. चहा तीनदा आला.

तुझा राजीनामा मी समितीपुढे ठेवला नाही. तू विचारतेस, लेकरं तुझ्या हवाली का करावीत. जी पोरं जानेवारीत स्वतःची गाठ बांधत नव्हती, ती मार्चमध्ये साखळी करून माणूस शोधून आणतात, म्हणून. गुरूची विद्या गुरूला फळली, यात गुरूने तोंड लपवण्यासारखं काय आहे?

आणि त्या लवंगीचा प्रश्न. इतकी वर्षं आम्ही मोठ्या माणसांची शिबिरं घेतो. मुलांना जोड्या लावायला शिकवतो आणि ज्याने शिकवायचं त्याला एकटं घरी पाठवतो. मग तो महिन्यातून एक पत्र लिहिणार आणि त्यातही अर्धं गिळणार. पुढच्या शिबिरात पहिल्याच सकाळी प्रत्येक प्रमुखाला विचारणार आहोत, तुमची जोडी कोण. उत्तर नसेल तर ती लावून दिल्याशिवाय कोणाच्या हाती पथक द्यायचं नाही. समितीने हे मान्य केलं आहे.

तेव्हा तुलाही विचारते. कोण?

तुझी,
कवळीवाली

ता.क. दादाला सांगून टाक. दिव्याखाली अंधार किती दिवस ठेवणार?


२० एप्रिल

प्रिय वन्सं,

स्कार्फ बांधायला तुम्हाला येता आलं नाही, तुमच्या आजोबांची कवळी आडवी आली, म्हणून सगळं लिहून कळवते.

तुमच्या भावाला सांगायला बसले. पाणी प्यायले, घसा साफ केला, सुरुवात केली. ते पेपर खाली करून म्हणाले, "मला त्याच संध्याकाळी कळलं." बेकरीत पाव आणायला गेले होते, तिथे मुलांनी गल्लीभर सांगितलेलंच होतं. आई-बापांनाही सगळ्यांना त्याच दिवशी माहीत झालं होतं. चोराच्या मनात चांदणं, मी एकटीच लपवत बसले होते. माझ्या शिकवणीला येणारा एक जण रोज नाक्यावर आला की, बाई रस्ता माहीत आहे ना, असं का विचारायचा ते आता कळलं.

मी त्यांना म्हटलं, मग इतके दिवस बोलला का नाहीत? हसला का नाहीत? ते म्हणाले, तू घरी आलीस ती बूटही न काढता पलंगावर पडलीस. मग उठले आणि खुंटीवरची गाडीची दुसरी किल्ली माझ्या हातात दिली. तिला एक नवी शिट्टी अडकवलेली होती. ती तिथे महिनाभर होती, वन्सं. ती खुंटी रोज माझ्या डोळ्यांसमोर असते आणि मी पाहिली नव्हती.

मी हॉलची किल्ली बेकरीवाल्याकडून परत आणली. टोळीनायकांच्या सभेत माझ्या जोडीचा विषय लवंगीनेच काढला. बेकरीवाल्याचं नाव आलं, ते बसले की उठत नाहीत म्हणून बाद झालं. मग तुमचे बंधुराज, जे मला फक्त सोडायला आले होते, दारातून म्हणाले, मी चालेन का? लवंगीने त्यांना तुमची गाठ दाखवा म्हणून सांगितलं. त्यांनी बांधली ती लगेच सुटली. मुलांनी त्यांना शिकाऊ म्हणून घेतलं आहे. तुमच्या पुढच्या शिबिरात त्यांचं नाव घाला आणि पत्रं लिहायला लावा, सूट देऊ नका.

काल पुन्हा त्याच रानात गेलो. मी मुद्दामच तिथे नेलं. या वेळी शेवटचा गोल काढला, मध्ये खडा ठेवला, आणि शेजारी तुमचा भाऊ पाठ धरून उभा होता. संध्याकाळी निघताना लवंगीने लांब शिट्टी वाजवली. हाका सुरू झाल्या. आमची पाळी शेवटी होती, पण त्यांना धीर धरवला नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, रस्त्यात कधी बोटाला बोट लागू दिलं नाही या माणसाने, आणि सगळ्या पोरांसमोर माझा हात घट्ट धरून ते सगळ्यांच्या आधी ओरडले, "आहे!"

कोणी हसलं नाही. लवंगीने शांतपणे बाकीच्या हाका पूर्ण करून घेतल्या, मग माझ्यासमोर येऊन सलाम ठोकला.

"सगळे आहेत, बाई," ती म्हणाली. "तुम्हीपण."

तुमची,
वहिनी